बाबांची टिंग

त्या सकाळी माझ्या टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले होते. मी न बघताच खुर्ची ओढली, आणि चाक थेट त्यातल्या एका पायावर…

"आई गं!"

"कोण आहे? चोर की उंदीर?"

धुळीनं माखलेलं डोकं वर आलं. डोळे मात्र हसरे. "दोन्ही नाही. तुमच्या स्क्रीनला रंग द्यायला आलोय."

म्हणजे नव्या रंगीत स्क्रीन बसवायला मालकांनी बोलावलेला तो हाच! आमचं औषधांच्या घाऊक विक्रीचं ऑफिस. दुकानदार फोनवर ऑर्डर सांगतात, मी टाइप करते. काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं, बस्स. हा सगळा प्रोग्रॅम माझ्या बाबांनी फार वर्षांपूर्वी याच खोलीत बसून लिहिला. आता ते निवृत्त आहेत, पण संध्याकाळी मी चपला काढायच्या आत विचारतात, "आज माझं बाळ कसं चाललं?" आणि ते बाळ म्हणजे मी नव्हे! त्यामुळे रंगीत चित्रं घेऊन आलेल्या या रंगाऱ्याकडे (हे नाव मीच ठेवलं) मी तिरक्या नजरेनंच बघत होते.

"बाबांचं काम पुसायला आलात ना?" एकदा विचारलंच मी.

"पुसायला? छे हो! आतला प्रोग्रॅम तसाच राहणार. मी फक्त वरून खिडक्या बसवतोय. तुम्ही चित्रावर क्लिक केलं, की आत चालणार ते तुमच्या बाबांचंच." मग म्हणाला, "इतकं नेटकं लिहिलेलं काम मी अजून पाहिलं नव्हतं."

यानंतर राग टिकवणं जड जाऊ लागलं. काळ्या स्क्रीनमध्ये मागे उभा असलेला माणूस दिसतो. तो दिसायचा. आणि मी त्याला बघतेय हे त्यालाही दिसत असणार, कारण आम्ही दोघं एकदमच मान खाली घालायचो.

नव्या स्क्रीन सुरू झाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी फोनवर फोन. "अहो, खोकल्याच्या बाटल्या दुप्पट कशा आल्या?" बाटल्याच काय, सगळंच दुप्पट गेलं होतं! मालकांचा पारा चढला. "सोमवारपर्यंत हे सुधारलं नाही, तर नवं-जुनं सगळं मोडीत. बाजारातून तयार सॉफ्टवेअर आणू."

बाबांना कुठल्या तोंडानं सांगणार होते मी?

रंगारी शेजारी येऊन बसला. "नेहमीसारखं टाइप करा बरं… थांबा! एंटर दोनदा दाबलंत."

"मग? टिंग वाजली नाही ना!"

"कसली टिंग?"

"ऑर्डर गेली की वाजते ती. फोन खांद्यात, नजर समोरच्या कपाटांवर… स्क्रीनकडे बघतंय कोण? टिंग ऐकू आली नाही, तर पुन्हा दाबायचं. बोटांना सवयच आहे."

त्यानं कपाळावर हात मारला. नव्या स्क्रीनवर त्यानं सगळं आणलं होतं, फक्त आवाज आणायचा राहिला होता.

"तुमच्या बाबांना भेटायला हवं," तो म्हणाला. "आजच."

त्या संध्याकाळी बाबा कितीतरी दिवसांनी ताठ बसलेले पाहिले. "ऑर्डर घेणाऱ्या मुलींना दिवसभर स्क्रीनला डोळे लावून बसायला लागू नये, म्हणून ठेवली होती ती," ते म्हणाले. "कुणी विचारायला येईल असं वाटलं नव्हतं रे." दोघं डोक्याला डोकं लावून बसले. चहा निवला. मी दुसरा केला, तोही निवला. निघताना रंगाऱ्यानं विचारलं, "आवाज नवा देऊ की तोच ठेवू?" बाबांनी त्याचा हात दोन्ही हातांनी धरला.

सोमवारी मालक माझ्या पाठीशी उभे. मी ऑर्डर टाइप केली, डोळे मिटले, एंटर दाबलं.

टिंग!

"हं. चालू दे हेच," म्हणून मालक निघून गेले. माझा जीव भांड्यात पडला. मी घरी फोन लावला, रिसीव्हर मशीनजवळ धरला आणि दुसरी ऑर्डर टाकली. पलीकडून बाबांचा आवाज आला, "ऐकलं गं… ऐकलं." मग मात्र मला रडू आवरेना.

रंगारी कोपऱ्यात वायर गुंडाळत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले!" गुंडाळलेली वायर त्यानं पुन्हा उलगडली. "फक्त… नव्या स्क्रीनमध्ये तुमचा चेहरा दिसत नाही हो. जुन्यात दिसायचा."

माझे कान तापले. "मग?"

"मग आता समोरूनच बघावं लागेल. रोज. म्हणजे… जन्मभर. तुमची हरकत नसेल तर."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्याचा चेहरा उतरला.

"अहो, पोचलं की नाही, मला कळायचं कसं? पुन्हा दाबू का एंटर?"

"नको, दुप्पट होईल!" मी हसत सुटले. आणि त्याच्या कानाशी वाकून, अगदी हळू म्हणाले—

"टिंग."