डोळ्याला डोळा

दार नीट लोटा, आणि मध्येच फिदीफिदी हसू नका. भुतं नसतात म्हणता ना? नसतील बाबांनो. मी कुठे शपथ घ्यायला बसलोय? पण आमच्या काचवाल्याचं काय झालं, तेवढं ऐका. खिडक्यांना तावदानं बसवतो तो. माझ्या चांगल्या ओळखीचा.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. काचवाला कामाला दांडी मारून बायकोला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. तिचा उजवा डोळा अधूनमधून सुजायचा. सकाळी उठावं तर टम्म, संध्याकाळपर्यंत ओसरलेला. साबण बदलला, उशी बदलली, थेंब झाले, गोळ्या झाल्या. रक्त, लघवी, थायरॉइड, सगळं तपासलं. रिपोर्ट कसे, तर धुतल्या तांदळासारखे!

बाईंनी बराच वेळ निरखून पाहिलं. सूज डोळ्याभोवती गोल होती, कड्यासारखी.

"ही ॲलर्जी नाही," त्या म्हणाल्या. "इथे काहीतरी दाबलं जातंय. अहो, तुम्ही जरा बाहेर बसा."

आपल्याला बाहेर का बसवलं, ते त्याला बाकावर टेकल्यावर उमगलं. कानशिलं तापली. अरे, डास मारतानासुद्धा हळहळणारा माणूस तो! आत बायको सांगत होती, "नाही हो, हात नाही उगारत ते. झोपते मी, पण सकाळी वाटतं, रात्रभर डोळ्याला डोळा लागलाच नाही."

पण शेजारणीने तिच्या माहेरी आधीच कान भरले होते. संध्याकाळी थोरल्या मेहुण्याचा फोन आला. "दाजी, सोमवारी सकाळी येतोय. डोळा सुजलेला दिसला तर तिला घेऊन जाईन. कायमची."

काचवाल्याला रडूच आलं. तिच्याशिवाय घरात पाऊल टाकायची त्याला सवय नव्हती. रविवारी रात्री त्याने ठरवलं, आज जागायचं. काय होतं ते बघायचंच.

अडीचच्या सुमारास ती उठली. डोळे अर्धवट मिटलेले. सरळ बाहेरच्या दाराशी गेली. कोण आलंय ते बघायला दारात बारीक भिंग होतं, पितळी कड्याचं. त्यानेच बसवलेलं. त्या कड्यावर तिने उजवा डोळा टेकवला. दाबला. आणखी दाबला.

काचवाल्याचा जीव भांड्यात पडला. हात्तिच्या, हे होय! झोपेत चालते बिचारी. सकाळी मेहुण्याला सांगितलं की झालं. बऱ्याच वेळाने त्याने तिला हळूच बाजूला केलं. आणि सहज... आपला डोळा लावला.

काळोख.

जिन्यातला दिवा तर चालू होता. दाराखालून उजेडाची पट्टी आत येत होती. अख्खी. मध्ये कुठे पायांची सावली नाही.

भिंगात मात्र काळोख.

मग तो काळोख... मिटला.

उघडला.

मागून ती झोपेतच पुटपुटली, "सरका ना... थांबलंय ते."

...

त्याने भिंग फिरवून काढलं. बाहेरचा अर्धा भाग जिन्यात पडायला हवा. पडल्याचा आवाज... नाही आला. हत्यारांच्या पिशवीत तावदानांच्या फटी बुजवायची लांबी होती, पुट्टी म्हणतात ती. मऊ गोळा. भोकात कोंबला. मुठीने कोंबला, सगळा. मग बायकोला कुशीत घेऊन दाराला पाठ लावून बसला.

उजाडलं. बेल वाजली. तिचा डोळा टम्म सुजलेला, आणि सांगायची गोष्ट अशी की कुणाच्या बापाला पटणार नाही. गेली ही, असं मनाशी म्हणतच त्याने दार उघडलं.

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलंच नाही. तो दाराच्या बाहेरच्या अंगाकडे बघत होता. चेहरा पांढराफटक.

"दाजी, आवरा. माझ्याकडे चला. दोघंही."

"दादा, पण मी खरंच हिला कधी..."

"माहितीये. कळलं मला."

काचवाला बाहेर आला, वळला. लांबीचा गोळा भोकातून बाहेर फुगून आला होता. तो चपटा झाला होता. मध्ये खोलगट. आणि त्यावर, कमानीत, पापणीच्या केसांच्या बारीक बारीक रेघा उमटल्या होत्या. अजून ओल्या.