टाकीमागचा बूस्टर

"ओ सायेब, जवल्यावर पाय पडतोय! कोनाला इचारून चढलात गच्चीवर?"

हातात अँटेना उंच धरलेला अनिमेष एका पायावर तसाच थांबला. खाली उन्हात वाळत घातलेला जवळा, बारीक कोळंबी. उन्नती तरातरा भांडायला आली होती खरी. पण त्याचा झालेला तो बगळा पाहून तिला हसू फुटलं, आणि घोटाळा तिथंच झाला.

वडपे गावात आठवडाभर फोन मधेच तुटत होते. जवळच्या दिघाशी गावाकडे सॅटेलाइटवरून थेट मोबाइलला सिग्नल द्यायची चाचणी चालू होती. आकाशातला सिग्नल जमिनीवरच्या टॉवरला त्रास देतो का, ते शोधायला टॉवर कंपनीनं अनिमेषला धाडलं होतं.

"सापडलं?" उन्नतीनं विचारलं.

"नाही... उद्या यावं लागेल."

"या की. जवल्याची चटनी खाता?"

"घरी चालत नाही. मला चालते."

तो रोज येऊ लागला. एक डोळा मीटरवर, दुसरा भलतीकडे! तिसऱ्या दिवशी खरा चोर उन्नतीलाच सापडला. रेंज वाढावी म्हणून तिच्या बाबांनी, केसरीनाथांनी, बाजारातून आणून टाकीमागे लावलेला बूस्टर! तो बंद केला की फोन तुटेनासे होत; टॉवरला तोच छळत होता. पण दोष सापडला की माणूस जाणार... म्हणून अनिमेष जिना चढला की ती घरातून त्याचं बटण बंद करी, आणि तो गेला की चालू.

शनिवारी तो बॅग आवरत म्हणाला, "जमिनीवर काहीच सापडलं नाही. म्हणजे दोष सॅटेलाइटचा. चाचणी थांबवा, असा रिपोर्ट आज पाठवतो."

दिघाशीच्या शेतावरून उन्नतीच्या मैनाआत्याचा फोन त्या चाचणीमुळेच पहिल्यांदा लागला होता. आत्या किती बोलली होती, किती रडली होती! उन्नतीनं अनिमेषचं मनगट धरलं आणि त्याला थेट टाकीमागे नेलं.

"ह्यो बगा चोर. तुमी आलात का मीच बंद करत व्हते."

"पण का?"

"सापडला असता, तर तुमी परत आला असता?"

अनिमेषनं बूस्टरची वायर उपटली.

"साहेब मला सोलून काढणार आहेत. रिपोर्ट नव्यानं लिहायचा. आणि आता इथं माझं काही काम उरलं नाही."

"ठावं हाय," ती पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते.

"म्हणून उद्या कामाशिवाय येतो... तुमच्या बाबांना भेटायला. चालेल?"

"बाबा आदी बूस्टरसाठी भांडतील," ती म्हणाली. मग एकदाची मान वर केली. "पन तुमी याच. मना तुमी आवडता."