पद्माकर पाळकांची साथ

या, जरा जवळ सरकून बसा. एका पाळकाची गोष्ट सांगतो. माणूस चुकला, पण गायचा असा की मला अजून फार लाडका आहे.

सिंगापुरात क्वीन्सटाउनच्या एका हॉलमध्ये आमची मराठी मेथडिस्ट मंडळी रविवारी दुपारी जमते. तिथे हेमचंद्र कीर्तन करायचा. एरवी चांगी बिझनेस पार्कात ऑडिटर. मंडळीला शंभर वर्षं झाली, म्हणून कीर्तनाच्या शेवटी जुन्या पाळकांची नावं गायची होती. यादी त्याने केली. सहा नावं. पद्माकर पाळकांचं गाळलं.

विभाआजी काठी टेकत आल्या. "हेमू, माझ्या आजोबांनी तुझं काय घोडं मारलंय रे?"

"आजी, विधवा फंड खाल्ला त्यांनी. तुरुंगात गेले."

"गेले ना! पण कीर्तनं करून गोदीवरच्या किती जणांची दारू सोडवली, ते? आणि तुरुंगात रोज, ज्यांचे पैसे बुडाले त्या सहा विधवांची नावं गात बसायचे. मी ऐंशीची झाले. एकदा मंडळीत त्यांचं नाव ऐकू दे मला."

"ऑडिटरकडे वशिला चालत नाही, आजी."

"अहो, घ्या की," त्याची बायको मीनल म्हणाली. "तुमच्या खिशातलं काय जातंय?"

त्याने हसून यादी तशीच खिशात घातली.

कीर्तन रंगलं. साथीदार तापाने घरी होता, मागची जागा रिकामी. हेमचंद्रने पहिलं नाव गायलं. मंडळी म्हणाली, "सेवक प्रभूचा!"

आणि मागून, अगदी खांद्याशी, कुणीतरी सूर उचलला. खर्जातला, गोड.

"सगुणाबाई."

कीर्तनकार साथीदाराकडे वळून बघत नाही. हेमचंद्रही वळला नाही. मानेला गार लागलं. ओल्या दोरखंडाचा वास आला.

दुसरं नाव.

"मार्थाबाई."

मंडळी आपल्याच नादात होती. फक्त विभाआजींचे ओठ त्या आवाजाबरोबर हलत होते.

प्रत्येक पाळकामागे फंडातली एक विधवा. सहा झाल्या. यादी संपली.

हेमचंद्रने यादी मिटली. त्याने आपणहून सातवं नाव गायलं. "पद्माकर पाळक!"

"सेवक प्रभूचा!"

विभाआजींनी डोळे मिटून हात जोडले.

मग मागून हळूच, फार मायेने, आवाज आला.

"मीनलबाई."

पहिल्या रांगेत मीनल टाळ्या वाजवत त्याच्याकडे बघून हसत होती.

तुम्ही प्रार्थनेला बसलात की पद्माकर पाळकांची आठवण काढा. आणि मीनलचीही काढा हो. हेमचंद्र गेल्यापासून ती फ्लॅटमध्ये एकटीच असते.