पहिला नमुना

"अहो मॅडम, पहिला नमुना म्हणजे आमच्या सासूबाई! असा नमुना शोधून सापडायचा नाही!"

ओसरीवर सुकन्या विद्यापीठातल्या मॅडमशी फोनवर बोलत खळखळून हसत होती, आणि आत चुलीपुढं रंगुबाईच्या हातातली भाकरी गळून परातीत पडली. नमुना...! जिला पोटच्या लेकीसारखं जपलं, जी आरोग्य विद्यापीठात संशोधन करते म्हणून साऱ्या मिरजगावात मिरवलं, जिच्या अभ्यासापायी उतारवयात चूल, शेण, धुणं पुन्हा अंगावर घेतलं, तिनं परक्या बाईपुढं सासूला नमुना म्हणावं? जळलं मेलं ते शिक्षण! रंगुबाईचं काळीज विदीर्ण झालं. तिनं सुनेशी बोलणंच टाकलं. अबोला म्हणजे अबोला!

या अबोल्यानं पुढं भलताच घोटाळा केला. दुसऱ्या दिवशी सुकन्यानं मारुतीच्या देवळात मुठीची ताकद मोजायचं यंत्र मांडलं. ऊसतोडीत आयुष्य गेलेल्या बायांचे हात तिला तपासायचे होते. पहिला मान रंगुबाईचा. ती फणकारली, "मला न्हाई मोजायचं काई!" आणि तरातरा घरी निघाली. झालं! उसाच्या फडात तिच्या मागनं कोयता चालवलेल्या त्या बाया. त्यांनीही पदर खोचले. "रंगुबाई न्हाई, तर आमी बी न्हाई," त्यांच्यातली पुष्पावती म्हणाली, आणि देऊळ रिकामं झालं.

संध्याकाळी सुकन्या सासूपुढं येऊन बसली. डोळे सुजलेले.

"आत्याबाई, बायाच नाहीत तर माझं संशोधन संपलं. संपू दे! तुमच्यापेक्षा ते मोठं नाही. उद्या विद्यापीठात कळवते, सोडलं म्हणून... पण माझं चुकलं काय, तेवढं सांगा हो!"

रंगुबाईचा बांध फुटला. "नमुना म्हनलीस मला! त्या मॅडमला हासून हासून सांगत हुतीस!"

रडता रडताच सुकन्याला हसू फुटलं.

"अहो आत्याबाई, ज्यांना तपासायचं त्यांना आमच्या संशोधनात नमुनाच म्हणतात!" तिनं सासूचा हात हातात घेतला. "संक्रांतीला तापलेल्या तव्यावर तुमचं बोट टेकलं, अन् तुम्हाला कळलंसुद्धा नाही. कोयत्यानं बधिर झालेल्या या हातांनी तुम्ही माझ्यासाठी भाकरी थापता, आणि वर म्हणता, 'काई न्हाई गं!' हा विषय मला पुस्तकात नाही सापडला, आत्याबाई... तो या हातांत सापडला!"

सुनेला कळलं तर ती पुस्तकं मिटून चुलीपुढं बसेल, या धास्तीनं हे दुखणं रंगुबाईनं लपवलं होतं.

"व्हय गं माझे बाई... मी येडी, लई येडी!" तिनं सुनेला पोटाशी घट्ट धरलं.

सकाळी देवळात तिचाच आवाज घुमला, "चला गं नमुन्यांनो, वळीनं बसा!" तिनं स्वतः यंत्र आवळलं, तर काटा जेमतेम हलला. रंगुबाई मात्र हसली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हनत्यात. सूनबाईनं उघडी पाडली!"

"उघडली म्हणून तर आता उपचार होतील," सुकन्या म्हणाली.

त्या दिवसापासून रंगुबाईला पिठाला हात लावायची बंदी झाली. सुकन्या बायांच्या तपासणीत गुंतलेली, म्हणून टेम्पो अंगणात लावून भागवत, रंगुबाईचा लेक आणि सुकन्याचा नवरा, परातीपुढं बसला. त्याची पहिलीवहिली भाकरी तव्यावर पडली. तीन कोपरे, मधे भोक, एकीकडं कच्ची अन् दुसरीकडं कोळसा!

रंगुबाईनं लेकाकडं बघितलं, भाकरीकडं बघितलं, आणि हसता हसता डोळे पुसत हाक मारली,

"सुकन्ये, लाव गं मॅडमला फोन! खरा नमुना आत्ता गावला!"