तांबडी आणि हिरवा

सलमाह अंगणात लवंगा वाळत घालत होती, आणि झाडावरून एक माणूस थेट तिच्या चटईवर येऊन आदळला. लवंगा पार विहिरीपर्यंत उधळल्या. माणसानं मात्र एक मेलेला हिरवा पोपट छातीशी घट्ट धरला होता.

“लागलं तर नाही ना?” तिनं घाबरून विचारलं.

“नाही, पिसं शाबूत आहेत.”

“अहो, मी तुम्हाला विचारतेय!”

तो ओशाळून हसला. सामद त्याचं नाव. क्रॉली नावाचा विलायती साहेब बेटाबेटांवरचे पक्षी गोळा करत हिंडत होता. ते मारायचे, सोलायचे, कापूस भरून पेटीत ठेवायचे, हे सामदचं काम. त्या दिवशी मात्र तो ऊन कलेपर्यंत लवंगा वेचत बसला. एक-एक करून… इतक्या सावकाश कुणी लवंगा वेचतं का?

दुसऱ्या दिवशी मासळी द्यायचं निमित्त करून सलमाह साहेबाच्या ओसरीवर गेली. पेट्या उघड्याच होत्या. एकीत हिरवे पोपट, दुसरीत तांबडे.

“यांची ताटातूट का केलीत?”

“दोन वेगळ्या जाती आहेत,” सामद म्हणाला. “साहेबानं नावंसुद्धा दोन दिलीत.”

सलमाहला हसू आवरेना. “नवरा-बायको आहेत ते! हिरवा तो, तांबडी ती. आमच्या बाचान बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.”

सामदनं पायांना बांधलेल्या चिठ्ठ्या पाहिल्या. हिरवे सात, सातही नर. तांबड्या पाच, पाचही माद्या. त्यानंच तर ते फाडून तपासले होते!

सामदनं हे साहेबाला सांगितलं, पण तो बधेना. “शास्त्रात ऐकीव गोष्टी चालत नाहीत. एकाच घरट्यातली जोडी मारून आण. शुक्रवारी जहाज सुटायच्या आत.”

ढोली सलमाहनंच दाखवली. पण सामदनं बंदूक खांद्याला लावली, आणि तिनं नळीवर हात ठेवला.

“दर वर्षी इथंच येतात दोघं…” ती एवढंच म्हणाली.

त्यानं बंदूक खाली केली. तडक साहेबाकडे जाऊन म्हणाला, “तुआन साहेब, मेलेला पक्षी कोण कुणाचं ते सांगत नाही. दुर्बीण घेऊन चला.”

दोन दिवस तिघं गवतात पालथे पडून राहिले. डासांनी फोडून काढलं. गुरुवारी दुपारी हिरवा आला, तांबडी ढोलीतून डोकावली, आणि त्यानं तिला चोचीनं भरवलं. साहेबानं वहीतली एक अख्खी ओळ खोडली, आणि आपल्या भाषेत काहीबाही ओरडत तो घराकडे पळत सुटला.

हे दोघं ऊन उतरेपर्यंत तिथंच राहिले.

“उद्या जहाज,” ती गवताची काडी मोडत म्हणाली. “सामान बांधलंत?”

“साहेबाचं बांधलं.”

“आणि तुमचं?”

“मी नाही जात. सकाळीच सांगून टाकलं त्याला.”

“सकाळीच? आणि मला न विचारता?”

“त्याला सांगायला काही वाटलं नाही,” सामद खाली बघत पुटपुटला. “तुला विचारायचा धीर व्हायला… संध्याकाळ झाली.”

सलमाहनं त्याच्या केसांतलं गवत हलकेच काढलं.

“बाबांसमोर एवढा वेळ लावू नकोस म्हणजे झालं!”