सत्तावन्न मिलिमीटर

चाळीसपैकी एकालाही चक्कर आली नाही, एवढं कागदावर दिसलं की चेतनाची नोकरी पक्की होणार होती.

खोटं वाटेल, पण हे घडलंय. अंधेरी एमआयडीसी, गेल्या वर्षीचा ऑगस्ट, दुपारचे चार. लख्ख उजेड. भुताखेतांची वेळ नव्हेच.

कंपनी व्हीआर हेडसेट बनवायची. चेतनाचं काम एकच. हेडसेट लोकांच्या डोळ्यांवर बांधायचा, आठ मिनिटं बसवायचं, मग विचारायचं... मळमळ? गरगर? डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर यंत्र स्वतःच मोजायचं आणि त्याप्रमाणे भिंगं कुर्र करून सरकायची.

एकोणचाळीस जण झाले. चाळिसावा उगवलाच नाही. मग चेतनाने ऑफिसात चहा देणाऱ्या शेवंतीमावशीला बसवलं.

तिचं अंतर सत्तावन्न मिलिमीटर.

दुसऱ्याच मिनिटाला मावशी म्हणाली, "गो बाय, माका गरगरता. काढ ह्या."

"दोनच मिनिटं, मावशी."

त्या दोन मिनिटांची सहा झाली. चेतनाने कागदावर लिहिलं, त्रास नाही.

मावशी भिंत धरत धरत बाहेर पडली. नाहूरला घरी गेली. तिसऱ्या दिवशी वारली.

डॉक्टर म्हणाले, हृदय. चेतनाला ते लगेच पटलं. सोयीचं होतं ना!

पुढचा सोमवार. हेडसेट टेबलावर होता. रिकामा.

कुर्र...

भिंगं सरकली. संगणकाच्या पडद्यावर आकडा आला. सत्तावन्न.

"आकाश, हे बघ ना रे."

शेजारच्या टेबलावरचा आकाश हसला. "सेन्सर गंडलाय गं. घालून बघ."

तिने घातला. तिचं स्वतःचं अंतर त्रेसष्ट.

कुर्र...

भिंगं सत्तावन्नवरच थांबली.

आत नुसता काळोख. आणि कुणीतरी भिंत चाचपतंय... जवळ येत.

आठ मिनिटांनी आकाशने हेडसेट काढला तेव्हा ती घामाने निथळत होती. "काढ, काढ म्हणून ओरडत होते मी! आधीच काढला का नाहीस?"

आकाशचं हसू मावळलं. "ओरडत? गप्प बसली होतीस तू. मी दोनदा विचारलं, तर म्हणालीस... दोनच मिनिटं."

नोकरी पक्की झाली. डोकं मात्र ठणकायला लागलं.

मुलुंडच्या चष्मेवाल्याने तिच्या डोळ्यांचं माप घेतलं. पुन्हा घेतलं. मग जुनं कार्ड मागितलं.

"ताई, मोठ्या माणसाचं हे अंतर बदलत नाही हो."

कार्डावर त्रेसष्ट होतं. आता सत्तावन्न.

तर हिशोब असा. कंपनीचा हेडसेट बाजारात गेला. चेतनाला पक्क्या नोकरीचं पत्र मिळालं. मावशी जिवानिशी गेली.

आणि ते सहा मिलिमीटर?

ते चेतनाच्या आईला विचारा. ती लेकीला रोज जेवायला वाढते... पण हल्ली तिच्या डोळ्यांकडे बघत नाही.