कुरकुरणारं दार

"अहो, मोडाल ते!"

ती दचकली. पाडलेल्या घरांचं सामान विकणाऱ्या त्या आवारात, चौकटीसकट उभं केलेलं एक जुनं दार ती डोळे मिटून उघडत होती... लावत होती. समोर एक सुतार उभा होता. केसांत भुसा, आणि हसला की गालावर चक्क खळी!

"हेच हवंय. चौकट, बिजागऱ्या, सगळ्यासकट," ती म्हणाली. "बसवून द्याल?"

"तुम्ही सांगाल तिथे."

ती लोकांची घरं सजवायची, तीही जुन्या सामानाने. मैत्रिणी तिला लाडाने भंगारवाली म्हणायच्या. आता तिचं स्वतःचं घर होत होतं. शाळेच्या बाकांचं जेवणाचं टेबल झालं, छापखान्याची खिडकी स्वयंपाकघरात बसली. सुतार रोज यायचा. कामापेक्षा गप्पाच जास्त रंगायच्या, आणि त्याला जरा उशीर झाला की हिचं चित्त थाऱ्यावर नसायचं.

शेवटी दार उरलं. ते बसलं त्या संध्याकाळी बाहेर पाऊस भुरभुरत होता. तिने दार ढकललं. आवाजच नाही!

"तेल घातलं," तो खुशीत म्हणाला. "केवढं कुरकुरत होतं—"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "त्यासाठीच तर घेतलं होतं..."

तो पार गोंधळला. मग तिने सांगितलं. लहानपणीच्या घराचं दार अस्संच कुरकुरायचं. बाबा कामावरून आले की आधी ते दार बोलायचं, आणि ही गोष्टीचं पुस्तक उशीखाली सारून गणिताचं उघडायची. ते घर गेलं, बाबाही गेले. तो आवाज शोधत तिने किती दारं हलवून पाहिली होती!

"तुम्ही हसाल म्हणून बोलले नाही."

"बाबांना कळायचं?"

"कायम! घाईत मागच्या वर्षीचं पुस्तक उघडलेलं असायचं ना." रडता रडता तिला हसू फुटलं.

तो मात्र हसला नाही. "चुकलंच माझं. खरं सांगू? काम संपत आलं होतं... काहीतरी उकरून काढून आणखी थोडं थांबायचं होतं. परवा टेबलालाही उगाच पॉलिश केलं."

"उगाच?"

"मग? उद्यापासून यायला कारण कुठून आणू?" खाली बघत तो हत्यारं पिशवीत भरू लागला.

तिने डोळे पुसले. तो आवाज काही आता परत येणार नव्हता. पण हा माणूसही असाच निघून गेला तर?

"अरे, ऐक ना..." तिच्या तोंडून पहिल्यांदाच 'अरे' निघालं. "उद्या ये. पण हत्यारं घरी ठेवून ये."